पान एक्केचाळीसवरचं शून्य

५ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आज मला दोन कोऱ्या वह्या दिल्या. एक टाचणाची. उद्या वर्गात काय शिकवणार ते आज लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. पंचवीस वर्षं माझं टाचण एका ओळीचं होतं: धावणे, कवायत, खेळ. आता म्हणे पानभर लिहा. दुसरी वही जादाची, ती हीच. टाचणवहीत बाईंसाठी लिहीन. इथे खरं लिहीन.

तर खरं असं आहे. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली शिक्षक मिळत नाही. पुढच्या वर्षापासून खेळाचे तास निम्मे होणार. निम्म्या तासांसाठी पूर्ण वेळ खेळाचा माणूस शाळा कशी ठेवणार? बाई म्हणाल्या, "सर, सातवीचं विज्ञान घ्या. महिनाअखेर तपासणीला साहेब येतील. त्यांना तुमचा तास पटला तर मी तुम्हाला दोन्ही विषयांना दाखवून इथेच ठेवते. नाही तर तुमचं नाव जादा शिक्षकांच्या यादीत जाईल."

यादीतली जागा कुठे आहे तेही त्यांनी सांगितलं. तीनशे वीस किलोमीटरवर.

मी विचारलं, "धडा कोणता?"

"चाल आणि वेग."

मी हसलोच. म्हटलं, बाई, गळ्यात स्टॉपवॉच घालून म्हातारा झालो मी. माझ्यापेक्षा वेग कोणाला कळतो?

६ जानेवारी, मंगळवार

काल घरी सांगितलं नाही, आज सांगितलं. बायको सिटी बस चालवते. एकोणीस वर्षं झाली. या वर्षी कुठे तिला चौदा नंबरची सकाळची पाळी मिळाली. त्या पाळीसाठी डेपोत चप्पल झिजवलीय तिने.

ऐकून घेतलं, बूट काढले, आणि विचारलं काय, तर "त्या गावाचं नाव काय म्हणालात? किती किलोमीटर? तिथे डेपो आहे का हो?"

घ्या! नवऱ्याची नोकरी टांगणीला लागलीय आणि हिला बसगाड्यांची पडलीय. मी म्हटलं, असेल डेपो, मला काय करायचंय. मग तिने माझं विज्ञानाचं पुस्तक उचललं, दोन पानं उलटली आणि परत ठेवलं. शाळेत विज्ञानाच्या तासाला तिला झोप यायची असं तीच सांगते. तिच्याकडून मदतीची आशा नाही.

८ जानेवारी, गुरुवार

झकास! अख्ख्या वर्गाला मैदानावर काढलं. चौतीस पोरं, एक स्टॉपवॉच. फटाका पळाली. फटाका म्हणजे आमची रिलेतली शेवटची भिडू, तिचं पाळण्यातलं नाव मीसुद्धा हजेरी घेतानाच वाचतो. शंभर मीटर, सोळा सेकंद. शंभर भागिले सोळा, सव्वासहा मीटर दर सेकंदाला. झाली चाल! सगळ्यांनी एकमेकांची चाल मोजली. फळ्यावर जे महिन्यात डोक्यात शिरलं नसतं ते चाळीस मिनिटांत शिरलं.

फक्त वकील पळाली नाही. खेळाच्या तासाला या मुलीचं पोट दर वेळी दुखतं आणि आईची चिठ्ठी तयार असते. वाद घालताना मात्र पोट ठणठणीत. मी तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि म्हटलं, मोज. तिने मोजलं. वर मला सुनावलं, "सर, तुम्ही बटण उशिरा दाबता. अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो."

पंचवीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं असेल बहुतेक.

१३ जानेवारी, मंगळवार

डोकं तापलंय.

आज वेग. पुस्तकात पान एक्केचाळीसवर उदाहरण आहे: एक मुलगी दोनशे मीटरच्या गोल मैदानावर एक फेरी चाळीस सेकंदांत पूर्ण करते. तिची चाल किती? पाच. बरोबर. तिचा सरासरी वेग किती? आणि उत्तर काय छापलंय? शून्य!

शून्य? अहो, पोरगी धापा टाकतेय, पायात गोळे आलेत, आणि हे म्हणतात शून्य! माझं मैदान दोनशे मीटरचंच आहे. दगड वेचून, रोलर फिरवून मी स्वतः तयार केलंय. त्यावर पंचवीस वर्षं ज्या पोरांनी फेऱ्या मारल्या त्या सगळ्यांचा वेग शून्य?

मी वर्गाला सांगितलं, छपाईची चूक आहे, पेन काढा, शून्य खोडा आणि पाच लिहा. सगळ्यांनी खोडलं. वकील उभी राहिली. "सर, वेगात दिशा मोजतात. ती निघाली तिथेच परत आली. म्हणजे विस्थापन शून्य. मग वेगही शून्य."

मी म्हटलं, "तू एक फेरी मारून ये, मग शून्य की काय ते बोलू."

ती म्हणाली, "माझं पोट दुखतंय."

वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. तिने पुस्तकात पाच लिहिलं, पण पेन्सिलीने.

१४ जानेवारी, बुधवार

पुस्तक मंडळाला कडक पत्र लिहिलं. शाळेच्या कागदावर, खाली सही ठोकून. 'सातवीच्या विज्ञानात अशी ढोबळ चूक राहतेच कशी? माझ्या वर्गात मी दुरुस्ती करून घेतली आहे. आपणही करावी.' मोठ्या बाईंना दाखवत बसलो नाही, त्या प्रत्येक वाक्यावर अडतात. शाळेच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. छाती हलकी झाली.

१८ जानेवारी, रविवार

छाती पुन्हा जड झाली. सांगतो.

दुपारी जेवताना बायकोला पत्राचा पराक्रम ऐकवला. तिने घास खाली ठेवला. "पाठवलंत?"

"पाठवलं म्हणजे काय! चार दिवस झाले."

तिने पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली, "अहो, मी सकाळी डेपोतून गाडी काढते. दिवसभरात एकशे दहा किलोमीटर चालवते. दुपारी गाडी कुठे लावते?"

"डेपोत."

"त्याच खुणेवर. आता डेपोच्या चौकीदाराने सकाळी गाडी बघितली आणि परत दुपारी बघितली, तर त्याला काय वाटेल? गाडी हललीच नाही. निघाली तिथून ती किती लांब पोचली, हे विचारलं तर उत्तर शून्य. किती चालली, हे विचारलं तर एकशे दहा. दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही एकाचं उत्तर दुसऱ्याला देताय."

मी चपाती तशीच सोडली. मग अंगणात गेलो आणि भिंतीला धरून एक चक्कर मारून आलो. निघालो तिथेच. शून्य! बोंबला!

तिला विचारलं, तुला हे कसं सुचलं? म्हणाली, "एकोणीस वर्षं तेच करतेय, सुचायचं काय त्यात." गंमत म्हणजे वकील जे बोलली होती तेच जवळजवळ हिनेही सांगितलं. बायकांची डोकी एकाच पद्धतीने चालत असावीत.

१९ जानेवारी, सोमवार

पोस्टमन पेटी उघडायला येतो तेव्हा त्याला गाठलं. म्हटलं, बुधवारचं एक पत्र परत हवंय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रेमपत्र टाकलंय आणि आता पस्तावलोय. "मास्तर, पेटीत पडलं की ते ना तुमचं, ना माझं. आणि बुधवारचं आज मागताय? ते पोचून त्यावर चहाही सांडला असेल."

२१ जानेवारी, बुधवार

अजून वर्गाला सांगितलेलं नाही. रोज ठरवतो, आज सांगू. वर्गात शिरलो की चौतीस तोंडं दिसतात, त्यात वकिलीचं एक, आणि मी हजेरी घ्यायला लागतो. पोरांना मैदानावर मी काय शिकवतो? पडलास? ऊठ, माती झटक, पळ. आणि स्वतः पडलोय तर मातीतच लोळतोय. लाज वाटते. खरंच वाटते.

आज वेग सोडून आलेख काढायला दिले.

पुस्तकाला डिझेलचा वास येतोय. स्वाध्यायाच्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीच्या बारीक खुणाही आहेत, काही ठिकाणी उत्तरंसुद्धा. शाळेच्या कपाटातलं जुनं पुस्तक, आधीच्या कोणा पोराने केलं असेल. हुशार होतं पोर. एकही उत्तर चुकलेलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

तपासणी तीस तारखेला. साहेब माझाच तास बघणार, तोही वेगाचाच. बाई म्हणाल्या, "सर, तुमचा हातखंडा विषय!" मी मान हलवली.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "होईल नीट." मग स्वतःशीच बोलल्यासारखं डेपोतल्या एका बाईचं सांगत बसली. ती बदली घेऊन दुसरीकडे गेली, तर तिची सिनिऑरिटी पुसली गेली. पंधरा वर्षं नोकरी करून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात, पडेल ती पाळी, पडेल तो मार्ग. मी म्हटलं, वेडी आहे का ती, कशाला गेली? बायको म्हणाली, "असेल काही कारण." आणि भांडी घासायला उठली.

२७ जानेवारी, मंगळवार

आज चौदा नंबरने शाळेत गेलो. सायकल पंक्चर होती. बायको चालवत होती, पण कामावर असताना ती मला ओळख दाखवत नाही, मीही तिकीट काढून गप्प बसतो. चालकाच्या मागच्या सीटवर कोण? वकील! ती रोज याच बसने येते म्हणे. आणि माझी बायको, जी बस चालवताना डेपो मॅनेजरशीही बोलत नाही, ती थांब्यावर गाडी उभी असताना मान वळवून या मुलीला काहीतरी विचारत होती. मला पाहून दोघी गप्प झाल्या. माझ्याविषयी तक्रारी चालल्या असणार.

बसमध्ये बसल्या बसल्या मला मात्र एक फर्मास गोष्ट सुचली. चालकासमोर काटा असतो, तो सांगतो ताशी चाळीस. ही चाल. पण गाडी कुठे चाललीय हे काटा सांगत नाही, ते कपाळावरची पाटी सांगते. काटा अधिक पाटी म्हणजे वेग! नुसता काटा बघून कोणी बसमध्ये चढतं का?

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "वा! हे मला सुचलं नव्हतं." फार बरं वाटलं.

२९ जानेवारी, गुरुवार

मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गाचं दार आतून बंद. मी ठोठावलं तर फटाका दारात आडवी उभी राहिली. "सर, आम्ही साफसफाई करतोय. तुम्ही उद्या बघा." आतून डिंकाचा वास येत होता. साफसफाईला डिंक? आगाऊ कार्टी. उद्या साहेबांसमोर काही खोडी काढली तर संपलोच मी.

उद्या पहिल्याच मिनिटाला वर्गाला चूक सांगायची, असं पक्कं ठरवलंय. मागचे आठ दिवसही पक्कंच ठरवलं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

लिहायला बसलोय खरा. क्रमाने लिहितो.

साहेब आले. भरदार माणूस, चकचकीत बूट, काखेत फाइल. मागच्या बाकावर बसले, बाक कण्हलं. मोठ्या बाई दाराशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांनी फाइलमधून एक कागद काढला. शाळेचा कागद. खाली माझी सही.

"पुस्तक मंडळाकडून आमच्याकडे आलंय. खुलासा घेऊन या म्हणून." ते पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. 'ढोबळ चूक'पाशी बाईंनी भिंतीचा आधार घेतला. "तुम्ही वर्गात दुरुस्ती करून घेतलीत असं लिहिलंय. बघू."

त्यांनी शेजारच्या मुलाचं पुस्तक ओढलं आणि पान एक्केचाळीस काढलं. मी डोळे मिटले.

"इथे तर शून्यच आहे," साहेब म्हणाले. दुसरं पुस्तक बघितलं. तिथेही शून्य. तिसऱ्यातही. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक पुस्तकात खोडलेल्या जागी पांढऱ्या कागदाचा तांदळाएवढा तुकडा चिकटवलेला, आणि त्यावर सुबक शून्य. चौतीस पुस्तकं. डिंकाचा वास तेव्हा मला समजला.

वकील उभी राहिली. "सर, पत्र कोणीतरी चुकून पाठवलं असेल. आमच्या सरांनी शून्यच शिकवलंय."

पोरगी खोटं बोलत होती. ज्या मुलीला मी वर्गासमोर हसलो, तीच माझ्यासाठी साहेबांच्या तोंडावर खोटं बोलत होती! गप्प राहिलो असतो तर वाचलोही असतो कदाचित. पण चौतीस पोरं माझ्याकडे बघत होती, आणि मी गप्प राहिलो तर ती काय शिकणार? पडलं की त्यावर कागद चिकटवायचा?

म्हटलं, "साहेब, पत्र माझंच. चूकही माझीच. पुस्तक बरोबर आहे. हिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. मग घरी बायकोने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बारा दिवस झाले, यांना सांगायची हिंमत झाली नव्हती. आता सांगितलं." आणि वकिलीकडे वळून म्हणालो, "चुकलो गं."

मग फटाका म्हणाली, "सर, मग आता मैदानावर जायचं ना?"

आता जे व्हायचं ते होवो म्हटलं आणि निघालो. सगळे बाहेर. मी साहेबांना म्हटलं, "एक फेरी मारता का?" त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी आकाशाकडे. पण गडी दिलदार निघाला, निघाला चालायला! वकिलीने स्टॉपवॉच दाबलं, अचूक वेळेला. अर्ध्या फेरीवर तिने त्यांना थांबवलं आणि सुरुवातीच्या खुणेपासून सरळ दोरी ताणून मोजली. चालले शंभर मीटर, पण निघाल्या जागेपासून दूर फक्त चौसष्ट. पोरांनी दोन्ही भागाकार केले, चाल वेगळी आली आणि वेग वेगळा. मग साहेब उरलेली अर्धी फेरी चालून घाम पुसत परत आले.

"साहेबांचं अंतर?" मी ओरडलो.

"दोनशे!"

"सरासरी वेग?"

"शून्य!" चौतीस घसे. साहेब धापा टाकत म्हणाले, "हे जरा अन्याय झाल्यासारखं वाटतंय हो." मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं होतं, म्हणून तर पत्र लिहिलं." ते इतके हसले की फाइल खाली पडली.

आणि तेवढ्यात कुंपणाबाहेरून हॉर्न. अकरा वीसची चौदा नंबर, एरवीपेक्षा सावकाश. बायको कधी हॉर्न वाजवत नाही, तिला त्याचा अभिमान आहे. आज समोर कुत्रं वगैरे आलं असेल. नशीब बघा माझं! वकील लगेच म्हणाली, "सर, पाटीचं सांगा ना." तिला पाटीचं कसं ठाऊक देव जाणे, मी वर्गात तोवर बोललोही नव्हतो. पण काटा आणि पाटी सांगितली, आणि साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं.

जाताना त्यांनी पत्र चार घड्या करून खिशात ठेवलं. "खुलासा मिळाला," म्हणाले. बाईंना म्हणाले, "यांना हलवू नका." मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून फक्त "टाचणवही उद्या दाखवा" म्हटलं, पण डोळे पुसत म्हटलं.

३१ जानेवारी, शनिवार

आज अर्धा दिवस शाळा. शाळा सुटल्यावर वकील आली. म्हणाली, खेळाच्या तासाला पळणार नाही, पण वेळ मोजायला येईन. स्टॉपवॉच तिच्या गळ्यात घातलं. बोडका वाटतोय मला माझा गळा.

दुपारी घरी टाचण लिहायला पुस्तक उघडलं. पान एक्केचाळीस आपोआप उघडलं, कारण तिथे खुणेला घडी घातलेला कागद होता. रोज तिथेच असायचा, मी कधी उलगडला नव्हता. आज उलगडला.

बस डेपोचा बदलीचा अर्ज. बायकोच्या अक्षरात. तारीख सहा जानेवारी. 'कुठून' पुढे इथला डेपो. 'कुठे' पुढे त्या गावाचं नाव, तीनशे वीस किलोमीटरवरच्या. 'सिनिऑरिटी सोडण्यास तयार आहे का?' पुढे 'होय'. 'कारण' पुढे एवढंच: 'घर तिकडे जात आहे.' खाली सही. फक्त दिलेला नव्हता.

सहा तारखेला मी इथे काय लिहिलं होतं ते मागे जाऊन वाचलं आणि स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेवढ्यात ती कामावरून आली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने कागदाकडे पाहिलं आणि बूट काढत म्हणाली, "खूण आहे. पान सापडायला."

"एकोणीस वर्षं सोडणार होतीस तू?"

"दिशा ठरल्यावर बाकीचा हिशेब कशाला करायचा?" ती म्हणाली. "चहा टाकता का?"

चहा टाकला. मग विचारलं, "हा आता फाडू?"

"नको, राहू द्या तिथेच. तुमचं पान एक्केचाळीस अजून पक्कं नाही."

कागद होता तसा घडी करून ठेवला. उद्या तिला सुट्टी आहे. मैदान बघायचंय म्हणाली, इतक्या वर्षांत कुंपणाबाहेरूनच पाहिलंय तिने. एक फेरी मारू म्हणाली. दोघांनी, सावकाश, आणि परत घरी.